अर्धा राहिलेला धवला

खांदा कॉलनी, नवीन पनवेल
रविवार, १२ मार्च १९९५

चि. निनाद,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज इतक्या मोठ्यानं देतेय की थेट मद्रासला ऐकू यावेत.

अरे, बक्षीस! समारंभ झाला तिकडे मार्सेलला परवा रात्री, पण दूरदर्शननं तो आज सकाळी दहाला दाखवला. माझ्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात, म्हणून मी शेजारी गुलशनकडे जाऊन बसले. गुलशन म्हणजे तीच उरणची, जिचा नवरा मस्कतला असतो. तिच्याकडे तिकडून आणलेला रंगीत टीव्ही आहे आणि व्हीसीआरही. तिनं सगळा समारंभ रेकॉर्ड करून ठेवलाय. तू आलास की तुला दाखवणार आहे, आणि तू आला नाहीस तर कॉलनीतल्या प्रत्येकाला दाखवणार आहे.

काळ्या सुटातला तो माणूस लिफाफा फोडताना उगाच वेळ काढत होता. मग त्यानं तुमच्या 'खाजणातलं लग्न' या लघुपटाचं नाव घेतलं, तेही अगदी वेडंवाकडं, आणि पुढे म्हणाला, इंडिया. निनाद, मी तीस वर्षं भूगोल शिकवला. देशाचं क्षेत्रफळ, नद्या, डोंगर, सगळं कोरड्या डोळ्यांनी सांगत आले. आणि आज एका परक्या माणसाच्या तोंडून देशाचं नुसतं नाव ऐकून ढसाढसा रडले. गुलशन म्हणाली, "टीचर, क्रिकेटची मॅच जिंकल्यासारखं काय रडता?" आणि मग स्वतःच ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

घरी आल्यावर जरा शांतपणे विचार केला. ते लग्न झालं इथून चार मैलांवर, कामोठ्याच्या पलीकडे, खाडीच्या काठाला, भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणाशी. दोन वर्षांपूर्वी तू माझ्याकडे राहून तिथे जायचास, तेव्हा मी रोज कुरकुर करायचे की चिखलात कसले कपडे लडबडून आणतोस. तेव्हा माझा हा देशाभिमान कुठे गेला होता? आपलंच आपल्याला चांगलं वाटायला परक्याची पावती का लागावी? हा प्रश्न मला फार उशिरा पडला. तोवर मी पाव किलो पेढे वाटून मोकळी झाले होते.

आता खरी गंमत ऐक. तुमच्या लघुपटाचा एक तुकडा दाखवला. भरतीचं पाणी, मांडव, उंबराच्या डहाळ्या, आणि त्यावर तो आवाज. मी एका क्षणात ओळखला. आपली गुणाबाई! खाडीकाठच्या आगरी गावातली धवलारीण, लग्नात धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते ती. आणि तीच बाई त्या वेळी गुलशनच्या दारात उभी! रविवारी ती वालाच्या शेंगा घेऊन येते, तशी आली होती. मी ओरडले, "गुणाबाई, अगं तुझा आवाज!" तिनं टोपली खाली ठेवून ऐकलं. आवाज चढत चढत पार वर गेला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ती शेंगांची टोपली तशीच टाकून तरातरा निघून गेली. चहालासुद्धा थांबली नाही. बिचारीला किती भरून आलं असेल.

तुमची दिग्दर्शिका रेवा काय सुंदर बोलली! म्हणाली, हे बक्षीस माझ्या देशातल्या अनाम स्त्रियांच्या आवाजाला. सगळं सभागृह उभं राहिलं. मला एवढंच कळलं नाही की गुणाबाई अनाम कशी? लघुपटाच्या शेवटी नावांची पाटी येते, तिच्यावर तिचं नाव असेलच. ते किती मोठ्या अक्षरांत आहे ते कळव, म्हणजे तिला सांगता येईल.

तुझी
सुमतीआत्या

*

मद्रास
२४ मार्च १९९५

ती. आत्या,

वाकून नमस्कार. तुझं पत्र स्टुडिओतल्या सगळ्यांना वाचून दाखवलं. इथे कुणाला मराठी येत नाही, पण 'ढसाढसा' सगळ्यांना कळलं.

मी अजून जमिनीवर आलो नाहीये. परीक्षकांनी ध्वनीचा, म्हणजे माझ्या कामाचा, वेगळा उल्लेख केलाय. तो आवाज ज्या जागी तुटतो त्या जागेबद्दल त्यांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. तिथे तोडायचं हे मी ठरवलं होतं, आणि रेवानं ते सगळ्यांना सांगितलं. त्यावरून एका फ्रेंच कंपनीचं पत्र आलंय. जूनपासून सहा महिने, तीन देशांत फिरून आवाज गोळा करायचे. आत्या, तुझा भाचा विमानात बसणार! भूगोल शिकवलास तू आणि फिरणार मी.

पाटीचं म्हणशील तर लघुपट बावीस मिनिटांचा, शेवटी नावं भरभर सरकतात. लोक तोवर उठलेले असतात. गुणामावशीला सांग की अख्खं सभागृह रडलं. आणि माझ्यातर्फे तिला एक चांगलीशी शाल घेऊन दे.

परक्याची पावती का लागते म्हणून विचारलंस ना? घरचे चिखलाबद्दल बोलत बसतात म्हणून. रागावू नकोस, चेष्टा करतोय.

तुझा
निनाद

*

खांदा कॉलनी
१६ एप्रिल १९९५

चि. निनाद,

तुझी चेष्टा पोचली आणि लागलीसुद्धा. शालही घेतली, शेवाळी रंगाची. पण ती पांघरायला माणूस येईना. पाच रविवार झाले, गुणाबाई कॉलनीत फिरकली नाही. टोपली माझ्याकडेच पडून. आजारी असेल म्हणून काल मी आणि गुलशन रिक्षा करून तिच्या गावाला गेलो.

गावात लग्नाचा मांडव पडला होता, गुणाबाईच्या घरापासून चौथं घर. आतून धवले ऐकू येत होते. आवाज मात्र दुसऱ्याच बाईचा. आणि गुणाबाई आपल्या ओट्यावर बसून सुकट निवडत होती. पस्तीस वर्षं या गावात तिच्यावाचून लग्न लागलेलं नाही.

मला हे दिसत होतं, तरी कळलं नाही. मी शाल तिच्या खांद्यावर घातली आणि पंधरा ऑगस्टला शाळेत ठोकायचे तसलं भाषण ठोकलं. देशाची मान उंचावली, आपल्या मातीचा आवाज साता समुद्रापार गेला, वगैरे वगैरे. तिनं ते पुरं होऊ दिलं. मग शाल उतरवली, नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाय," ती म्हणाली, "ता सगला खरा. पन देवांना घरी कोन नेल?"

मी गुलशनकडे पाहिलं, गुलशननं माझ्याकडे. मग गुणाबाईनं समजावून सांगितलं, पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं. तिला तिच्या सासूनं शिकवलेला धवला असा आहे की आधी एकेका देवाला नाव घेऊन मांडवात बोलवायचं. खाडीचा देव, शिवेवरचा, कुळाचा. आणि शेवटी तितक्याच मानानं, नाव घेऊनच, एकेकाला आपापल्या घरी पोचवायचं. मध्येच थांबलं तर देव मांडवात तसेच बसून राहतात. सगळ्याच धवलारणींची ही रीत आहे का, मला ठाऊक नाही. हिच्या सासूची शिस्त ही, आणि हिनं ती जन्मभर पाळलेली. एकदा गाताना मांडवाला आग लागली, तरी ही बाहेर उभी राहून धवला पुरा करून मग पाणी ओतायला धावली म्हणे.

त्या रविवारी गावातही चार घरांत टीव्ही लागला होता. आवाज आला तशी पोरंटोरं नाचली. पण देवांना बोलावणं झालं, आवाज वर चढला आणि तिथेच तुटला. "मंग टाल्या वाजल्या," गुणाबाई म्हणाली. "देव बसलं व्हतं तसंच ऱ्हायलं." त्याच दिवशी संध्याकाळी गावात कुजबुज सुरू झाली, की देव अडकून राहिले, आता काही वाईट होणार. तुम्ही ज्या शोभाच्या लग्नाचं शूटिंग केलंत, तिला आता दिवस गेलेत, जूनमध्ये ती बाळंत होईल. तिची सासू तेव्हापासून गुणाबाईशी बोलत नाही. आणि मोसमातली ठरलेली लग्नं एकेक करून दुसऱ्या धवलारणीकडे गेली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त बोलावणं येईनासं झालं.

आणि मी तुला लिहिलं होतं, बिचारीला भरून आलं असेल! काय हे माझं माणसं ओळखणं! तीस वर्षं मुलांच्या तोंडाकडे पाहून त्यांची चोरी पकडली, आणि ही बाई समोरून उठून गेली तरी मला पेढेच दिसत होते.

निघताना मी तिला विचारलं, तुझं नाव पाटीवर आहे ना? ती म्हणाली, "मना काय ठावं." म्हणून आता तुला विचारते. पाटीवर काय लिहिलंय? नावं भरभर सरकतात हे सांगू नकोस. खरं लिही.

सुमतीआत्या

*

मद्रास
२७ एप्रिल १९९५

ती. आत्या,

चार वेळा पत्र लिहून फाडलं. हे पाचवं आहे, आणि हे न वाचता पाकिटात घालणार आहे.

पाटीवर 'पारंपरिक' एवढंच आहे. गुणामावशीचं नाव कुठेही नाही.

लग्नात चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं होतं. ते संपल्यावर मी टेपच्या डब्यावर लिहायला म्हणून तिला विचारलं, गाणं कुणाचं? ती म्हणाली, देवाचं. मी डब्यावर लिहिलं, पारंपरिक. तोवर वाईट हेतू नव्हता, शप्पथ. मग एडिटिंगला बसलो. गाण्याला जागा होती पन्नास सेकंद. आवाज सगळ्यात वर चढतो तिथे मी टेप कापली, कारण तिथे अंगावर काटा येतो. पुढे काय आहे, ते का गातात, हे मी विचारलंच नाही. मला त्या पन्नास सेकंदांशी मतलब.

पुढचं लिहिताना हात जड होतोय. पाट्या छापायच्या आदल्या दिवशी रेवाचा लॅबमधून फोन आला. गाणारी कोण, नाव काय? मला नाव माहीत होतं. तिच्या घरी तीन दिवस जेवलो होतो मी. आणि मी म्हणालो, गावातली कुणी बाई आहे, पारंपरिकच ठेव. का म्हणालो? गाणाऱ्याचं नाव आलं की लोक म्हणतात, वा, काय गायलीय. नाव नसलं की म्हणतात, वा, ध्वनीची काय योजना आहे! आत्या, मला ती 'वा' हवी होती. ती मिळाली. बक्षिसाच्या रात्री रेवा जे 'अनाम' म्हणाली, ते माझ्यामुळे म्हणाली. तिला ठाऊकच नव्हतं. मी फोनवर तिचं अभिनंदन केलं आणि गप्प बसलो.

आता ते फ्रेंच काम त्याच दोन ओळींवर मिळालंय. आज मी रेवाला खरं सांगितलं तर ते राहतं की जातं, कुणास ठाऊक. सांगितलं नाही तर कुणालाही कळणार नाही, तुझ्याशिवाय.

तूच सांग, काय करू?

निनाद

*

खांदा कॉलनी
६ मे १९९५

चि. निनाद,

तू न वाचता पाठवलेलं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रागानं, दुसऱ्यांदा जास्त रागानं. तिसऱ्यांदा मात्र वाटलं, निदान माझ्या भाच्याला अजून हात जड होण्याइतकी लाज आहे.

ते पत्र घेऊन मी गुणाबाईकडे गेले आणि तिला सगळं वाचून दाखवलं. तुला विचारलं नाही, विचारणारही नव्हते. ऐकल्यावर तिनं हातातली सुकट बाजूला ठेवली. मग म्हणाली, लिवून घ्या. ती बोलली ते जसंच्या तसं खाली देतेय. शुद्धलेखन तपासलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा.

"निनाद पोरा, गुणाबाय सांगतंय, टीचर लिवतान. तू माज्या घरात तीन दिस जेवलास. सुकट तिकट लागली तवा मी तुला ताक दिला. तवा तू मना मावशी म्हनायचास. मना राग नाय आला असा नाय. आला. तू इचारलास गाना कुनाचा, मी बोललू देवाचा. त्यात माजी चूक नाय. गाना देवाचाच हाय. पन गला माजा हाय. गल्याचा तू इचारलाच नायस. आता नाव घाल नायतर नको घाल, तुजा तू बग. माजा काम येगला हाय. देव मधीच बसलान, त्यांना मना घरी पोचवायचा हाय. माज्या ओट्यावर बसून गायली तर ता चालायचा नाय. ज्या लोकांनी तुटलेला ऐकला त्यांच्याच कानावर पुरा जायाला पायजे. तेवरा कर. आन जेवतोस का नाय ता लिव."

हे झालं तिचं. आता माझं.

तू विचारलंस, काय करू. मी सांगणार नाही. मी सांगितलं आणि तू केलंस तर ते माझ्या सांगण्यावरून केलंस असं होईल, आणि उद्या त्या फ्रेंच कामाची आठवण आली की मला शिव्या देशील. तीस वर्षांचा झालास. ठरव.

एवढं मात्र सांगते. त्या रविवारी देशासाठी मी तासभर रडले, आणि माझ्या पाठीमागे दारात एक बाई टोपली घेऊन उभी होती, तिच्याकडे मी वळून पाहिलं ते फक्त 'तुझा आवाज' म्हणून ओरडायला. तिला काय झालं, हे विचारलं नाही. तुझा आणि माझा गुन्हा फार वेगळा नाही. तू तिचं नाव लपवलंस, मी तिचं तोंड पाहिलं नाही. मला अजूनही त्या बक्षिसाचा अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू? पण अभिमान वाटणं सोपं असतं, बसल्या जागी वाटतो. त्यापुढचं काम उठून करावं लागतं, हे मला या वयात कळतंय.

आणि आणखी एक. गुणाबाईनं मला विचारलं, फिल्लम गेली कुठं कुठं? तिचं म्हणणं, गाणं जिथवर गेलं तिथवर देव ओढले गेले असणार. मग त्यांना आणायचं कुठून आणि कोणत्या वाटेनं, हे ठाऊक नको? मी ॲटलास घेऊन गेले. तिच्या ओट्यावर नकाशा पसरला. मार्सेल बंदर, तिथून सुएझचा कालवा, एडन. तिथे गुलशन म्हणाली, "मस्कतवरून घ्या टीचर, मेरे मियाँ वहीं हैं, चहापाणी करतील." मग मुंबई, उरण, पनवेलची खाडी. गुणाबाई एकेक नाव तोंडात घोळवून पाठ करतेय. माझा कुठलाही वर्ग इतकं मन लावून भूगोल शिकला नव्हता.

जेवतोस का नाही, ते लिही.

सुमतीआत्या

*

मद्रास
१९ मे १९९५

ती. आत्या,

जेवतो. आधी मावशीला हे सांग.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी रेवाला पत्र लिहिलं, सगळं. तिचा स्टुडिओत फोन आला. म्हणाली, "मी सगळ्या जगासमोर तिला अनाम म्हणाले, आणि तू फोनवर माझं अभिनंदन केलंस?" आणि फोन आपटला. दोन दिवसांनी पुन्हा आला. आवाज बसलेला होता, पण या वेळी कामाचंच बोलली. नवी पाटी करून प्रिंटला जोडतेय. यापुढे लघुपट जिथे जाईल तिथे ती पाटी जाईल. आणि मावशीच्या गावात ती स्वतः लघुपट घेऊन येणार, रविवारी ४ जूनला, प्रोजेक्टरसकट. गाव हो म्हणेल का, ते तू बघ.

फ्रेंच कंपनीलाही स्टुडिओतून फॅक्स केला की ज्या आवाजाचं कौतुक झालं तो असा असा होता आणि मी असं असं केलं. त्यांचं उत्तर सभ्य आहे. दुसऱ्या कुणाला घेतलंय. त्यांचा फॅक्स वाचल्यावर तासभर समुद्रावर जाऊन बसलो. वाईट वाटलं, फार वाटलं. पण परत येताना भूक लागली होती. गेले दोन महिने मला भूक लागल्याचं आठवत नाही.

सोबत कॅसेट पाठवतोय. त्यात पूर्ण चाळीस मिनिटं आहेत, देवांना पोचवण्यापर्यंतची. लघुपट संपला की ती स्पीकरवर लावा, म्हणजे सगळ्यांच्या कानावर पुरा जाईल.

मी येऊ शकत नाही, इथे मिक्सिंग आहे. खरं सांगायचं तर मिक्सिंग हे अर्धंच कारण. मावशीसमोर उभं राहायचं धाडस अजून होत नाही.

निनाद

*

खांदा कॉलनी
सोमवार, ५ जून १९९५

चि. निनाद,

आज आशीर्वाद देते ते मनापासून, आणि आधीचे काही परत घेतले असतील तर तेही त्यात धर.

गाव लगेच हो म्हणालं नाही. दोनदा खेटे घातले. शेवटी शोभाच्या सासूपुढे जाऊन बसले आणि म्हटलं, "चूक माझ्या भाच्याची. त्याची शिक्षा या बाईला का?" ती म्हणाली, "शिक्सा नाय बाय, भ्या वाटतो. सून भरलेली हाय." भीतीपुढे मी काय भाषण करणार? एवढंच म्हटलं, देवांना पोचवायचंय तर पोचवू दे. तिनं सुनेकडे पाहिलं. शोभाच म्हणाली, "येऊ दे. माज्याच लगनातलं देव हायत."

काल संध्याकाळी साडेसातला मारुतीच्या देवळासमोर पडदा बांधला. अख्खं गाव, आणि कॉलनीतलेही बरेच आले होते. गुलशन खुर्ची नको म्हणत चटईवर बायकांत जाऊन बसली. रेवा आली, निनाद, ती तर अगदी लहान दिसते रे! टीव्हीवर केवढी मोठी वाटली होती. माईक घेऊन उभी राहिली आणि आधी गुणाबाईकडे वळली. म्हणाली, "त्या रात्री मी तिकडे सगळ्यांसमोर एक खोटं बोलले. मला माहीत नव्हतं, पण खोटं ते खोटंच. मी अनाम म्हणाले. या बाईंना नाव आहे. गुणाबाई काशिनाथ ठाकूर." एवढंच बोलून ती खाली बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण माझ्या पुढची एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "काशिनाथचाबी नाव घेतला गो."

लघुपट सुरू झाला. लोकांनी एकेक माणूस ओळखून हाका मारल्या, वारलेला एक म्हातारा दिसला तेव्हा बायकांनी हात जोडले. मग ती जागा आली. भरतीचं पाणी चढतंय, मांडव दिसतोय, आणि आवाज वर वर चाललाय. मी कॅसेट टेपमध्ये घालून बटणावर बोट ठेवून बसले होते, लघुपट संपायची वाट पाहत. आवाज तुटला. आणि निनाद, तो ज्या स्वरावर तुटला, त्याच स्वरावर अंधारातून पुन्हा उभा राहिला.

गुणाबाई उठली होती. कॅसेटची वाट तिनं पाहिलीच नाही. प्रोजेक्टरवाला गांगरला, पण रेवानं त्याला खूण केली आणि त्यानं लघुपटाचा आवाज पार बंद केला. पडद्यावर लग्न मुक्यानं चालू राहिलं आणि गुणाबाई गात राहिली. आधी राहिलेला धवला पुरा केला. मग देवांना पोचवायला निघाली. मार्सेल बंदरातून काढलं. सुएझ आणलं, एडन आणलं. मस्कत आलं तेव्हा गुलशन चटईवर ताठ बसली. मुंबई, उरण, आणि मग आपली खाडी, प्रत्येक वळण नावानिशी. खाडीच्या देवाला खाडीत सोडलं. शिवेवरच्याला शिवेवर. कुळाच्याला दारात. लघुपट केव्हाच संपला होता, पांढरा पडदा नुसता वाऱ्यावर हलत होता, आणि एकही माणूस जागचा उठला नाही. साठीची बाई, पाऊण तास उभी राहून गात होती. तिच्या आवाजातली माझ्या ॲटलासमधली नावं ऐकताना मला पुन्हा रडू फुटलं. या वेळी इंडिया म्हणायला कुणी सूटवाला नव्हता. गरजही वाटली नाही.

शेवटचा देव घरी पोचला तशी ती मटकन खाली बसली आणि पाणी मागितलं. पाणी शोभानं आणून दिलं, पोट सांभाळत. आपण असल्या वेळी टाळ्या वाजवतो, माझेही हात वर आले होते, पण आजूबाजूला सगळे नुसतेच बसले होते, म्हणून मीही बसले.

नवी पाटी मात्र कुणी वाचलीच नाही, सगळे तिच्याकडे पाहत होते. मी आज सकाळी रेवाकडून त्या पाटीच्या फिल्मचा एक जादा तुकडा मागून घेतला आणि खिडकीच्या उजेडात धरून वाचला. 'आवाज: गुणाबाई काशिनाथ ठाकूर.' खाली 'ध्वनिमुद्रण: निनाद प्रधान.' तुझं नाव तिच्या नावाखाली छान दिसतं. माझ्याकडे आहे तुकडा, येशील तेव्हा देईन. आणि तू येच. तिला तुझ्यावर राग धरून ठेवायला आता वेळ नाही, कारण पुढचं ऐक.

मंडळी पांगायला लागली. गुणाबाई देवळाच्या पायरीवर बसली होती. एक बाई तिच्याजवळ आली, पदर सारखा करत, खाली बघत. येत्या बुधवारी तिच्या मुलीचं लग्न आहे, मिरगाच्या आधीचं गावातलं शेवटचं. मार्चमध्ये हिला सांगून ठेवलं होतं, एप्रिलमध्ये नको म्हणून कळवलं होतं. ती पुढ्यात येऊन नुसतीच उभी राहिली. मला वाटलं, आता गुणाबाई चार शब्द सुनावणार. तेवढा हक्क तिचा होताच. मी तर मनातल्या मनात ते शब्दही तयार केले होते.

गुणाबाईनं पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला आणि तिच्याकडे वर पाहिलं.

"पोरीचा नाव काय ठेवलास गो," ती म्हणाली, "बारशाला ठेवलेला, पुरा नाव सांग. मना गावा लागंल."

तुझी
सुमतीआत्या